गोडसे भटजींची कावड

1857 म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मेरठ, कानपूर, पाठीला मूल बांधून घोडा फेकणारी झाशीची राणी... शाळेच्या पुस्तकातली चित्रं. मला मात्र हल्ली आधी आठवतो तो पेणजवळच्या वरसईचा एक कर्जात बुडालेला भिक्षुक.

विष्णुभट गोडसे. त्यांचं 'माझा प्रवास' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. नसेल तर हे पान बंद करून आधी ते वाचा!

घरची ओढाताण होती. त्यात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार. झालं, काकांना बरोबर घेऊन गडी निघाला उत्तरेला. आपल्याकडची माणसं पुढे दुबईला जायला लागली, त्यातलाच प्रकार. चार पैसे मिळवायचे, कर्ज फेडायचं आणि घरी यायचं, इतकाच बेत. वाटेत बंडाने गाठलं.

अभ्यासक या पुस्तकाकडे राणी लक्ष्मीबाईचा प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून बघतात, आणि ते बरोबरच आहे. मार्च-एप्रिल 1858 मध्ये ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा गोडसे शहरातच होते. पण मला त्यात वेगळंच काहीतरी सापडतं. या माणसाला लढाईतलं फारसं कळत नाही, पण रोजचा दिवस म्हणजे काय ते बरोबर कळतं. राणी मल्लखांब करते, घोडा फिरवते, स्नानाला तिला भरपूर पाणी लागतं, हे सगळं तो शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगतो. आपल्या आंघोळी, संध्या, स्वयंपाक, हाती पडलेली दक्षिणा, यांचीही त्याला आठवण आहे. बखरकाराने यातलं निम्मं गाळलं असतं.

आणि मग शहर पडतं. कत्तल, आगी, लूट. काका-पुतणे लपून जीव वाचवतात, पण राणीकडून मिळालेले पैसे जातात. ज्यासाठी घर सोडलं तेच गेलं! ती पानं वाचताना कळतं की आधीची ती आंघोळीची, जेवणाची वर्णनं उगाच नव्हती. शहरातून नेमकं काय नाहीसं झालं, ते आपल्याला त्यांच्यामुळेच ठाऊक असतं.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा भेटते. दमलेली, तहानलेली. हे पाणी काढायला पुढे होतात तर ती काढू देत नाही. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते. स्वतःच मडकं विहिरीत सोडते आणि ओंजळीने पिते. राज्य गेलेलं, पाठीवर शत्रू, आणि प्रश्न काय तर विहिरीचं पाणी कोणी शेंदायचं! मला हा प्रसंग तिच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो. तुम्ही भांडा हवं तर.

हे सगळं गोडसे यांनी लिहून काढलं ते 1883 मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापून आलं 1907 मध्ये, तेव्हा ते हयात नव्हते. वैद्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढली. जमलं तर तीच मिळवा.

शेवटी भटजी परतले ते धन घेऊन नाही, गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. बंड मोडलं, कंपनीचं राज्य जाऊन राणीच्या नावाचं आलं, आणि हा गृहस्थ पाणी हिंदकळू न देता कोकणाच्या वाटेने चालतोय. वरसईला पोचल्यावर त्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातलं.