मारुतसखा आणि राइटबंधूंचें एंजिन

शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं मुंबईस चौपाटीवर ‘मारुतसखा’ विमान पाऱ्याच्या शक्तीनें १५०० फूट उडविलें, अशी आख्यायिका आहे. विमानाचा मुख्य प्रश्न शक्तीच्या मानानें हलक्या एंजिनाचा; परंतु त्याचे आंकडे या आख्यायिकेंत नाहींत. उलट, १७ डिसेंबर १९०३ रोजीं उडालेल्या राइटबंधूंच्या विमानाचें एंजिन चार्ल्स टेलर यांनीं डेटन येथें घडविलें. त्यास चार सिलिंडर, भोंवतीं थंडाव्यासाठीं पाणी, ॲल्युमिनियमची पेटी. शक्ति सुमारें १२ अश्वशक्ति, वजन सुमारें १८० पौंड. उड्डाणाचें छायाचित्र व त्याच दिवसाची तारही उपलब्ध आहे. तळपद्यांविषयीं आदर बाळगूनही, तत्कालीन अस्सल कागदावांचून त्यांचें उड्डाण इतिहासांत धरतां येत नाहीं. संग्राहकांनीं आपलीं दप्तरें या दृष्टीनें अवश्य तपासावीं.