वास्तुविशारदांचे सुगम्यता-शिक्षण (कॅलिफोर्निया)

वास्तुविशारदाचा परवाना चालू ठेवण्यासाठी, दिव्यांगांना इमारतीत विनाअडथळा वावरता यावे यासंबंधीच्या कायद्यांचे आणि मानकांचे ठरावीक तास घ्यावे लागणारे शिक्षण. अमेरिकेतील टेक्सस राज्यात वर्षाला किमान एक तास या विषयासाठी राखून ठेवावा लागतो. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाआधी ५ तास पूर्ण करावे लागतात. विशेष असे की, इतर कोणत्याही विषयाच्या निरंतर शिक्षणाची सक्ती नसलेल्या या राज्याने पहिली सक्ती केली ती याच विषयाची. शून्य-कार्बन इमारतींच्या अभ्यासाची अट तिला २०२३ पासून जोडली गेली.

या सक्तीचे मूळ शिक्षणक्षेत्रात नाही. ते कोर्टकचेरीत आहे. १९९० चा ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’ (एडीए) हा नागरी हक्कांचा कायदा आहे. त्याची अंमलबजावणी नगरपालिकेचा इमारत निरीक्षक करत नाही. ती तक्रारींतून आणि दाव्यांतून होते. निरीक्षक तपासतो ती राज्याची बांधकाम संहिता. त्यामुळे नकाशा मंजूर झाला, भोगवटा दाखला मिळाला, तरी मालकावर एडीएखाली दावा होऊ शकतो. केंद्रीय कायद्यात खासगी दावेदाराला नुकसानभरपाई मिळत नाही, दुरुस्तीचा आदेश आणि वकिलाचा खर्च तेवढा मिळतो. कॅलिफोर्नियाचा ‘अनरुह’ नागरी हक्क कायदा मात्र एडीएचा भंग हा आपलाही भंग मानतो आणि किमान ४,००० डॉलर भरपाई देववतो. साहजिकच दाव्यांची रीघ लागली. छोटे दुकानदार म्हणू लागले की हा धंदाच झाला आहे. कायदा होऊन इतकी वर्षे लोटली तरी दार अरुंदच आहे, हे दिव्यांग संघटनांचे उत्तर होते. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

या ओढाताणीतून २००८ मध्ये ‘एसबी १६०८’ हा तडजोडीचा कायदा झाला. त्याने दिव्यांग सुगम्यतेसाठी राज्य आयोग नेमला. प्रमाणित सुगम्यता तज्ज्ञाकडून (सीएएसपी) आधीच तपासणी करून घेतलेल्या प्रतिवादीला दावा तात्पुरता थांबवून लवकर सुनावणी मागण्याची सोय दिली. इमारतीचा नकाशा काढणाऱ्या माणसालाच नियम नीट ठाऊक नसतील तर मालकाला दंड करून काय साधणार, या विचाराने वास्तुविशारदांवर अभ्यासाची अट घातली. ती टप्प्याटप्प्याने लागू झाली: २००९ च्या उत्तरार्धात एक तास, २०१० मध्ये अडीच तास आणि २०११ पासून ५ तास. अभ्यासक्रमात एडीए, राज्याचे कायदे आणि त्यांखालील नियम यांची माहिती व व्यावहारिक मार्गदर्शन असावे, शिकवणारा त्या विषयातला जाणकार असावा, असे कायदा सांगतो. परवानाधारक स्वतः पूर्ततेची ग्वाही देतो, कागदपत्रे दोन वर्षे जपून ठेवतो आणि ‘कॅलिफोर्निया आर्किटेक्ट्स बोर्ड’ दरवर्षी किमान तीन टक्के नूतनीकरणांची पडताळणी करते.

शिकवायला विषय लहान नाही. केंद्राची मानके आणि राज्य संहितेचे ‘११-बी’ प्रकरण पुष्कळ ठिकाणी जुळतात, पण जिथे जुळत नाहीत तिथेच चूक होते. शौचकूपाचा मध्य बाजूच्या भिंतीपासून केंद्राच्या मानकानुसार १६ ते १८ इंचांवर चालतो; राज्याला तो १७ ते १८ इंचांतच हवा. म्हणजे केंद्राच्या नियमात बसणारे शौचालय राज्याच्या नियमात नापास होऊ शकते. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ आणि आडवा उतार १:४८. नकाशात नेमका १:१२ काढला की काँक्रीट ओतताना होणारा थोडासा फरकही नियम मोडतो, म्हणून जाणकार उतार मुळातच थोडा सौम्य धरायला सांगतात. असे शहाणपण मानकांच्या पुस्तकात शोधून सापडत नाही, आणि या तासांचे खरे मोल त्यातच आहे.

पद्धतीची मर्यादाही उघड आहे. भीतीपोटी आलेले शिक्षण इंचांकडे झुकते. दावा कसा टळेल हे शिकणे आणि माणूस इमारतीत कसा वावरतो हे शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिवाय सक्ती परवानाधारकावर आहे. साबणाची पेटी हात पोहोचणार नाही इतकी उंच ठोकणारा कामगार तिच्या बाहेर राहतो. बर्कलीतील एड रॉबर्ट्स कॅम्पस ही इमारत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दिव्यांगांच्या स्वावलंबी जीवन चळवळीच्या अग्रणीचे नाव तिला दिले आहे. आत शिरताच समोर दिसणारा लाल मळसूत्री रॅम्प हाच तिथला मुख्य मार्ग आहे. तो मागच्या दारी लपवलेला नाही. पाच तासांच्या व्याख्यानापेक्षा तिथली एक फेरी अधिक शिकवून जाईल.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४७ मध्ये अभियंते आणि वास्तुविशारद यांच्या शिक्षणक्रमात दिव्यांगत्व हा घटक आणण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या इमारतीला परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कलम ४४ म्हणते. सुगम्यतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ (१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके करण्यास केंद्राला तीन महिने दिले. वास्तुविशारदांच्या प्रशिक्षणाची सोय आहे; वास्तुकला परिषदेचे प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र पुण्यात आहे. मात्र १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमात नाव नोंदवहीत कायम राखण्यासाठी नूतनीकरण शुल्काची तरतूद आहे. सुगम्यतेच्या अभ्यासाची अट त्यात नाही.