वर्धा जिल्ह्यातील ग्रंथपालांचे वेतन : एका विषमतेचा इतिहास

वर्धा जिल्ह्यात ग्रंथपाल म्हणून काम करणाऱ्यांचा पगार आज वेगवेगळ्या तिजोऱ्यांतून येतो. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेण्या लागू आहेत, अनुदानित शाळांतल्या ग्रंथपालांना राज्याची शालेय वेतनश्रेणी मिळते, शासकीय जिल्हा ग्रंथालयातले कर्मचारी सरकारी नोकर आहेत आणि गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतली माणसे सहायक अनुदानाच्या हप्त्यांवर अवलंबून आहेत. पुस्तक दाखल नोंदवहीत चढवणे, त्याचे वर्गीकरण करणे, वाचकाला हवे ते शोधून हातात देणे हे काम सगळीकडे एकच. पगारातली तफावत मात्र एवढी मोठी आहे, की ती कामाच्या फरकाने समजावता येत नाही. ती समजते इतिहासातून.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला आणि पुढची ९४ वर्षे मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि १९५० पासून मध्य प्रदेशात, राहिला. मराठी मुलखात सार्वजनिक वाचनालयांची घडी एव्हाना बसलेली होती. १८४८ मध्ये पुण्यात निघालेल्या नेटिव्ह जनरल लायब्ररीसारख्या संस्था हा तिचा नमुना. वकील, शिक्षक, व्यापारी अशा मंडळींची समिती, सभासदांची वर्गणी, एखाद्या दात्याची इमारत आणि मानद चिटणीस अशी ती रचना होती. या रचनेत मान चिटणिसाला होता. पुस्तके काढून देणारा माणूस वर्गणीतून उरेल त्यावर राबायचा. ग्रंथालय ही लोकांनी हौसेने आणि परोपकाराने चालवायची गोष्ट आहे, ही समजूत तेव्हा रुजली आणि पुढे कायदा झाल्यावरही ती सुटली नाही.

वर्ध्यात या समजुतीला आणखी एक धार आली. गांधीजी १९३४ मध्ये मगनवाडीत आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला आल्यानंतर वर्धा हे विधायक कार्याचे केंद्र झाले. त्याच १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले. अशा संस्थांतल्या कार्यकर्त्याने पगाराचा नव्हे, निर्वाहापुरत्या मानधनाचा विचार करावा, असा तेव्हाचा दंडक होता. पण त्याच वर्ध्यात किमान मोबदल्याचा विचारही झाला, हे सहसा सांगितले जात नाही. ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाची, योजना मांडली, तेव्हा शिक्षकाला शक्यतो महिना २५ रुपये आणि कोणत्याही परिस्थितीत २० रुपयांहून कमी नको, असे तिने नमूद केले. त्यागी वृत्तीच्या शिक्षकालाही पोटापुरते ठरावीक मिळालेच पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. त्या समितीचा विषय शाळा होता. ग्रंथालयात बसणारा माणूस त्याच्या कक्षेत आला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. ग्रंथालयांच्या दृष्टीने खरी कलाटणी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ ने दिली. हा कायदा १ मे १९६८ पासून अमलात आला. ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद, जिल्हा ग्रंथालय समित्या आणि ग्रंथालय निधी ही त्याची चौकट. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय कर बसवला होता. महाराष्ट्राने तो टाळला. शासनाने सगळीकडे स्वतःची ग्रंथालये काढण्याऐवजी लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान द्यायचे ठरवले. ग्रंथालये वाढण्यासाठी हा निर्णय फार उपयोगी ठरला, राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या पुढे १२ हजारांच्या घरात गेली. पण याच निर्णयाने कर्मचाऱ्यांची कायमची दुफळी केली. संचालनालयातला आणि शासकीय ग्रंथालयातला माणूस सरकारी नोकर झाला, वेतन आयोग त्याला आपोआप लागू होऊ लागला. मान्यताप्राप्त ग्रंथालयातला माणूस त्या संस्थेचा नोकर राहिला आणि संस्थेजवळ पगार द्यायला अनुदानाशिवाय फारसे काही नव्हते.

अनुदानाची रीत १९७० च्या नियमांनी ठरली. ग्रंथालयांचे जिल्हा, तालुका आणि इतर असे गट झाले, त्यांत अ, ब, क असे वर्ग आणि ‘इतर’ गटात सर्वांत खाली ‘ड’ वर्ग. मान्य खर्चाच्या ९० टक्के किंवा वर्गाला ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जे कमी ते अनुदान. ते वर्षातून दोन हप्त्यांत मिळते. त्यातली निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी पुस्तके, नियतकालिके, भाडे, वीज यांवर खर्च करायची. वेतनश्रेणी नाही, महागाई भत्ता नाही, निवृत्तिवेतन नाही. पगार किती, हे ग्रंथपालाच्या शिक्षणावरून किंवा सेवेच्या वर्षांवरून ठरत नाही. ग्रंथालय कोणत्या वर्गात बसते त्यावरून ठरते.

‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात ही रीत उघडी पडते. समुद्रपूर, आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या एखाद्या गावी असे ग्रंथालय एका खोलीत असते आणि कर्मचारी एकच. कुलूप काढणे, झाडलोट, वर्तमानपत्रे लावणे इथपासून त्याचे काम सुरू होते. दाखल नोंदवही, सभासद नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणीची पावतीपुस्तके आणि हजेरीपट त्यानेच ठेवायचा. वर्षाअखेरीस लेखापरीक्षण करून घेऊन वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पोचवायचा आणि तपासणीच्या वेळी प्रत्येक पुस्तक दाखवायचे. २०१२ पर्यंत या वर्गाचे वार्षिक अनुदान २० हजार रुपये होते. त्या वर्षी सर्व वर्गांना ५० टक्के वाढ मिळाली आणि ते ३० हजार झाले. वेतनाचा वाटा १५ हजार, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. ही रक्कम दहा वर्षे तशीच राहिली. एवढ्यावर कुणाचे घर चालत नाही. ग्रंथपाल शेती, दुकान, शिकवण्या असे दुसरे काही करतो आणि ग्रंथालय उरलेल्या वेळात उघडते. मग वाचक कमी झाल्याची तक्रार त्याच्याच माथी येते, हा मोठा अन्याय आहे.

वेतनश्रेणीची मागणी नवी नाही. सार्वजनिक ग्रंथालयांच्या प्रश्नांवर शासनाने नेमलेली १९७३ ची प्रभा राव समिती हा तिच्या इतिहासातला पहिला मोठा टप्पा मानला जातो आणि या टप्प्याशी वर्धा जिल्ह्याचे जवळचे नाते आहे. प्रभा राव पुलगाव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून येत, १९९९ मध्ये त्या वर्ध्याच्या खासदार झाल्या आणि पुढे हिमाचल प्रदेश व राजस्थानच्या राज्यपाल. दुसरा टप्पा २००१ च्या व्यंकप्पा पत्की समितीचा. या दोन नावांशिवाय ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे निवेदन सहसा पुरे होत नाही: या समित्यांच्या शिफारशींप्रमाणे वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती लागू करा, ही मागणी पिढ्या बदलल्या तरी कायम आहे. शासनाने वेळोवेळी अनुदान वाढवले, पण पगाराची जबाबदारी स्वतःकडे घेतली नाही.

महाविद्यालयांत वाट वेगळी निघाली आणि तिचे श्रेय डॉ. शि. रा. रंगनाथन यांना जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ग्रंथपालाचा दर्जा आणि वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस केली. ती पूर्णपणे प्रत्यक्षात उतरायला वेळ लागला. १९८६ पासूनच्या श्रेण्यांत अधिव्याख्याता आणि महाविद्यालयीन ग्रंथपाल दोघेही २,२००-४,००० वर आले, १९९६ पासून ८,०००-१३,५०० वर. सातव्या वेतन आयोगानंतर सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये झाले. जमनालाल बजाज यांनी उभ्या केलेल्या शिक्षा मंडळाच्या महाविद्यालयांसह जिल्ह्यातल्या अनुदानित महाविद्यालयांना याच श्रेण्या आहेत. १९९७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर केंद्रीय विद्यापीठाची श्रेणीही जिल्ह्यात आली. तिथे विद्यापीठ ग्रंथपालाच्या पदाचे मूळ वेतन १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते.

शाळांची स्थिती सार्वजनिक ग्रंथालये आणि महाविद्यालये या दोहोंच्या मधली. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि १९८१ चे नियम यांमुळे शालेय ग्रंथपालाला श्रेणी आणि सेवेचे संरक्षण मिळाले. मात्र पूर्णवेळ पद विद्यार्थिसंख्येवर अवलंबून राहिले आणि लहान शाळांत ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ हा वर्ग तयार झाला. कित्येकांची उमेदीची वर्षे पूर्णवेळ होण्याची वाट पाहण्यात गेली.

२०२२ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. ‘ड’ वर्गाचे अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झाले. वेतनाचा वाटा महिन्याला दोन हजार रुपये. सर्वांत वरच्या जिल्हा ‘अ’ वर्गाचे अनुदान ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजारांवर गेले. त्यातले निम्मे, म्हणजे महिन्याला ४८ हजार रुपये, ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक आणि शिपाई या सगळ्यांत मिळून वाटायचे. नव्याने नेमलेल्या एका महाविद्यालयीन ग्रंथपालाचे नुसते मूळ वेतन यापेक्षा जवळजवळ दहा हजारांनी जास्त भरते. पुढच्याच फेब्रुवारीत, २०२३ मध्ये, ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरले. सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी वेतनश्रेणी तेव्हाही नव्हती. वाढ मिळाली ती अनुदानाला.