मोटारगाडीतील सूक्ष्मनियंत्रक

मोटारगाडीतील सूक्ष्मनियंत्रक : एंजिनातील प्रज्वलन, इंधनपुरवठा इ. क्रियांचे नियमन करणारे एकात्मित मंडल. प्रक्रियक, स्मृती व आदान-प्रदान मंडले यात एकाच सिलिकॉन चिपवर सामावलेली असतात.

मोटारगाडीत हे साधन आले ते अभियंत्यांच्या हौसेपेक्षा कायद्याच्या दडपणामुळे. अमेरिकेत 1970 मध्ये दुरुस्त झालेल्या स्वच्छ हवा अधिनियमाने निष्कास वायूंतील प्रदूषके सु. 90 टक्क्यांनी घटविण्याचे बंधन घातले. त्यासाठी पुढे वापरात आलेला त्रिमार्गी उत्प्रेरकी परिवर्तक हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण 14.7 : 1 च्या अगदी जवळ असेल तरच नीट काम देतो. साध्या कार्ब्युरेटरला हे सतत साधणे अशक्यच होते.

जनरल मोटर्सने 1977 च्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडो गाडीत ठिणगीची वेळ ठरविण्यासाठी सूक्ष्मप्रक्रियक वापरला. फोर्डकरिता जपानच्या तोशिबा कंपनीने 12 बिटी प्रक्रियक बनविला. बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीत प्रज्वलन व इंधन-अंतःक्षेपण यांचे नियंत्रण एकत्र आले (1979).

चिपची निवड करताना केवळ वेग पाहून भागत नाही. −40° ते 125° से. तापमान, सततची कंपने आणि ठिणगीमुळे होणारा विद्युत् व्यत्यय सोसून तिने वर्षानुवर्षे चालावे लागते. त्यामुळे नव्या चिपपेक्षा कसोटीला उतरलेली जुनी चिप पत्करणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

एंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असता भुजादंड 1 अंशातून फिरण्यास सु. 28 मायक्रोसेकंद लागतात. प्रारंभीच्या प्रक्रियकांना एवढ्या अवधीत लांब आकडेमोड झेपत नसे. म्हणून वेग व भार यांनुसार योग्य मूल्ये चाचणीमंचावर आधीच काढून त्यांची कोष्टके स्मृतीत साठवीत. मधली मूल्ये अंतर्वेशनाने मिळत. आज्ञावली निर्मितीच्या वेळीच चिपमध्ये कायमची कोरली जात असल्याने एका चुकीपायी चिपचा सगळा साठा वाया जाई. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीने ही अडचण दूर केली. जुळणी भाषेची जागा सी भाषेने घेतल्यावर तिच्या धोकादायक वापरास आवर घालणारे मिस्रा नियम ब्रिटनमध्ये तयार झाले (1998).

कोष्टके व आज्ञावली ग्राहकाला दिसत नाहीत, तपासनीसालाही क्वचितच दिसतात. फोक्सवॅगनच्या डीझेल गाड्यांतील आज्ञावली चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच उत्सर्जन घटवीत असल्याचे 2015 मध्ये उघडकीस आले, जगभरातील सु. 1.1 कोटी गाड्यांत ती होती. प्रयोगशाळेतील चाचण्यांत निर्दोष ठरलेल्या या गाड्यांचे बिंग रस्त्यावर धावताना केलेल्या मापनांमुळे फुटले.