दूरचा हात : रेल्वेच्या टोकनापासून संगणकाच्या दूरनियंत्रणापर्यंत



आजचा विषय ऐकायला तांत्रिक आहे. दूरच्या संगणकाचा ताबा घेणारी एक छोटी पेटी असते, ती कशी बसवायची, हा तो विषय. पण आम्ही तो इतिहासाच्या वाटेने मांडणार आहोत. कारण दूर असलेल्या यंत्रावर हात कसा ठेवायचा हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. शिवाय त्याचं एक शहाणं उत्तर रेल्वेने फार आधी शोधून ठेवलंय.

सिंदेवाहीपासूनच सुरुवात करू. गोंदिया–बल्लारशा मार्गावर नागभीड सोडलं की आलेवाही, मग सिंदेवाही, पुढे राजोली, मूल आणि चांदा फोर्ट. हा मार्ग पूर्वी नॅरोगेज होता, गेल्या शतकाच्या अखेरीस ब्रॉडगेज झाला. दोन्ही बाजूंनी जंगल. अशा एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या सोडायच्या नाहीत, याची खात्री कशी करायची? दोन स्टेशनमास्तर एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये फक्त एक तार.

नुसत्या तारेवर विसंबलं की काय होतं, हे इंग्लंडमध्ये १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री दिसलं. नॉर्विचजवळ थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या धडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. समोरची गाडी सोडा, असा संदेश तारेने गेला होता. तो जायला नको होता. चूक लक्षात आल्यावर तो रद्द करायला धावाधाव झाली, पण तोवर पलीकडून उत्तर आलं की गाडी निघून गेली आहे. म्हणजे तार ठीक होती, यंत्रही ठीक होतं. हुकूम मात्र एकाच टोकाच्या मर्जीने सुटला आणि तो परत घेता आला नाही.

या अपघातानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट यंत्र आणलं. त्याच कुळातलं नील यांचं गोळ्यांचं यंत्र आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षं चाललं. जुन्या लोकांनी ड्रायव्हरच्या हातात वेताचं मोठं कडं आणि त्याला अडकवलेली चामडी पिशवी पाहिली असेल. त्या पिशवीत लोखंडी गोळा असायचा, तोच टोकन. गंमत बघा, गोळा आपल्याच स्टेशनच्या यंत्रात आहे, पण तो आपल्याला एकट्याने काढता येत नाही. घंटी वाजवून पुढच्या स्टेशनला विचारायचं. तिथल्या मास्तरने आपली मूठ फिरवून संमती दिली, की तारेतून प्रवाह येतो आणि आपला गोळा सुटतो. आणि तो गोळा दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा कुणालाच निघत नाही.

यातली तीन तत्त्वं ध्यानात ठेवा. ताबा एका वेळी एकाकडेच. ताबा घ्यायला पलीकडच्या माणसाची संमती हवी. आणि ताबा कुणाकडे आहे, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. यांची गरज आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता संगणकाकडे येऊ. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा भरली होती. बेल प्रयोगशाळेचे जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तिथे एक टेलिप्रिंटर मांडला. हिशेब करणारं यंत्र होतं न्यूयॉर्कला, सुमारे ४०० किलोमीटर दूर. सभेतले लोक इकडे आकडे टाइप करत, तारेवरून ते तिकडे जात आणि उत्तर इकडे छापून येई. दुरून संगणक चालवण्याचं हे पहिलं जाहीर प्रात्यक्षिक मानलं जातं. नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉक्ली दोघेही त्या सभेत होते. पुढे मॉक्ली यांनी एनिॲक उभारण्यात पुढाकार घेतला.

आपल्याकडे काय होतं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्या काळी माणूस यंत्राकडे जायचा, यंत्र माणसाकडे येत नसे. जिल्ह्याच्या ठिकाणाला संगणकाशी जोडण्याचं काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केलं. या केंद्राची स्थापना १९७६ ची. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने निकनेट उभं केलं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात उपग्रहाकडे तोंड केलेली एक लहान तबकडी, आत एक संगणक. गडचिरोली जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला. जिथे टेलिफोनची तार पोचवणं आणि टिकवणं अवघड, अशा जिल्ह्यांसाठी तार वगळून थेट आकाशातून जाण्याची ही युक्ती फार मोलाची होती.

महाराष्ट्रातलं दुसरं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचं. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तिथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशी स्वतःचा संगणक, आणि मध्यवर्ती कक्षातून त्याला प्रकाशतंतूवरून हुकूम. तबकडी वळवायला कुणी शेतातून चालत जात नाही.

मग अडचण कुठे राहिली? अडचण अशी, की या सगळ्या व्यवस्थांमध्ये पलीकडचा संगणक जागा असावा लागतो. १९९० च्या दशकात केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत व्हीएनसी तयार झालं. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर दिसू लागला. आजची स्क्रीन दाखवणारी काही ॲप त्याच घराण्यातली. पण ही सॉफ्टवेअरं पलीकडच्या संगणकाच्या पोटात राहतात. तो गोठला, निळा पडदा येऊन थांबला, सुरू होतानाच अडकला, की सॉफ्टवेअरही त्याच्याबरोबर झोपतं. घराची किल्ली घरातच राहिली आणि दार लागलं, तशातली गत.

आता सिंदेवाहीत हे काय अर्थाचं, ते सांगतो. इथे धानाच्या संशोधनाचं जुनं केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला इथून निघतो. तहसील आहे, बँका आहेत, सेवा केंद्रं आहेत. समजा, संध्याकाळी लाइट जाऊन आली आणि एखादा संगणक अर्ध्यावर अडकला. दुरुस्त करणारा माणूस चंद्रपूरला. त्याने मूलमार्गे जंगलातून गाडी हाणत यायचं, कशासाठी? एक बटण दाबायला. हा भाग ब्रह्मपुरी वनविभागात येतो. माणूस आणि वाघ यांचा संघर्ष इथे रोजच्या बोलण्यातला विषय आहे. अंधार पडल्यावर त्या रस्त्याने यायला सांगणं सोपं नाही. आणि तो सकाळी आला, तर सातबाऱ्यासाठी किंवा धानाच्या नोंदणीसाठी आलेल्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडते.

यावरचा उपाय म्हणजे संगणकाच्या बाहेर राहणारी पेटी. कीबोर्ड, व्हिडिओ, माउस यांच्या आद्याक्षरांवरून तिला केव्हीएम म्हणतात. मोठ्या सर्व्हरांत अशी सोय आधीपासून होती. १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी मिळून सर्व्हर बाहेरून सांभाळण्यासाठी आयपीएमआय हे मानक ठरवलं. पण ती श्रीमंतांची गोष्ट. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला आणि त्यावर पुढे पायकेव्हीएमसारखे मुक्त प्रकल्प उभे राहिले.

पेटी बसवायची कशी? संगणकाची पडद्याकडे जाणारी एचडीएमआय वायर पेटीत येते. पेटी संगणकाला सांगते, मीच तुझा मॉनिटर. दुसरी यूएसबी वायर पेटीतून संगणकात जाते. तिथे पेटी सांगते, मीच कीबोर्ड, मीच माउस, आणि लागलं तर मीच पेन ड्राइव्ह. म्हणजे विंडोज नव्याने टाकायचं असलं तरी दुरून टाकता येतं. तिसरी जोडणी पॉवर बटणाच्या पिनांना, म्हणजे बंद-चालूही हाती आलं. चौथी नेटवर्कची. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए असेल तर मध्ये रूपांतरक लागतो. पेटीला वीज यूपीएसवरूनच द्या, नाहीतर ज्या क्षणी तिची गरज, त्याच क्षणी ती बंद. आणि संगणकाच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती लावून ठेवा. निम्म्या फेऱ्या तिथेच वाचतील.

नेटवर्कची एक गोम आहे. मोबाइल इंटरनेटवर आपल्याला बहुधा स्वतःचा जाहीर पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्याआड शेकडो ग्राहक असतात. म्हणून बाहेरून थेट दार ठोठावता येत नाही. पेटीनेच आतून बाहेर एक खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन, काढायचा. जाहीर पत्ता मिळाला तरी पेटी उघड्यावर ठेवू नका. आणि पेटीबरोबर आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. तो सगळ्या जगाला ठाऊक असतो.

इथे पुन्हा तो लोखंडी गोळा आठवा. ही पेटी टोकनच्या अगदी उलट स्वभावाची आहे. तिला पलीकडच्या माणसाची संमती लागत नाही. संगणकासमोर बसलेल्याला कीबोर्ड आपोआप चालताना दिसतो, पण चालवतंय कोण ते कळत नाही. बँकेतून बोलतोय म्हणत ॲप टाकायला लावून खाती रिकामी करणारे चोर हेच करतात. लोक फसतात ते अडाणी आहेत म्हणून नाही. ताबा कुणाकडे गेला, हे दाखवणारी वस्तू त्यांच्या हातात नसते म्हणून फसतात.

तेव्हा पेटी बसवताना रेल्वेची तीन तत्त्वंही सोबत बसवा. एका वेळी एकच माणूस आत येईल अशी शिस्त ठेवा. आत येण्याआधी संगणकावर बसणाऱ्याला फोन करा, त्याने हो म्हटल्यावरच या, आणि वेळ व कारण वहीत लिहा. पेटीची वायर त्याच्या टेबलाजवळ, त्याला दिसेल आणि ओढून काढता येईल अशी ठेवा. कपाटामागे लपवू नका. त्या ऑपरेटर मुलीला किंवा मुलाला स्पष्ट सांगा, की शंका आली तर वायर काढ, तुला कुणी बोलणार नाही.

थॉर्पला धडा मिळाला तो माणसांचे जीव गेल्यावर, आणि त्यातून तयार झालेलं यंत्र दोन टोकांच्या माणसांना बरोबरीचं मानणारं होतं. सिंदेवाहीचा मास्तर नुसता हुकूम झेलणारा नव्हता, त्याच्या संमतीशिवाय आलेवाहीची गाडी हलत नसे. चंद्रपूर किंवा नागपूरचा हात सिंदेवाहीच्या टेबलापर्यंत पोचतोय, ही चांगलीच गोष्ट आहे. रात्रीची एक फेरी वाचली, तरी ती एका घराची काळजी वाचली. फक्त त्या टेबलावर बसणाऱ्याच्या हाती आपला गोळा राहिला पाहिजे.