चार दिवसांची रजा आणि सिन्नरची विडी : ‘कामगार’ कोणास म्हणावे?

१/ सिन्नर म्हटले की इतिहासप्रेमींना यादवांची राजधानी आणि गोंदेश्वराचे मंदिर आठवते. परंतु नाशिक जिल्ह्यातील याच गावातून १९५७ साली एक छोटा वाद निघाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. वाद होता चार दिवसांच्या पगारी रजेचा. ही त्याची कहाणी. #धागा

२/ सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र. तेंदूची पाने घरी नेऊन कातरावी, कारखान्यात मिळालेली तंबाखू त्यांत भरून विडी वळावी, संध्याकाळी माल मोजून द्यावा आणि नगांच्या हिशेबाने मजुरी घ्यावी, असा कामगारांचा दिवस असे.

३/ कारखाने अधिनियम, १९४८ नुसार वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळत असे. सिन्नरच्या एका कारखान्यातील विडी कामगाराने ऑगस्ट १९५७ मध्ये काम सोडले. त्याच्या शिल्लक चार दिवसांच्या रजेचे वेतन मिळाले नाही आणि मालकावर खटला उभा राहिला.

४/ उच्च न्यायालयाने मालकास दोषी ठरवले. ते अपिलात गेले. हाच ‘शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटला. प्रश्न रकमेचा नव्हता. मुळात हा मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे काय, हा होता.

५/ मालकाच्या बाजूने मांडलेल्या गोष्टी पाहा. येण्याजाण्याची वेळ ठरलेली नाही. न कळवता दहा दिवसांपर्यंत गैरहजर राहता येते. रोज किमान इतक्या विड्या वळाव्यात असे बंधन नाही. काम चालू असताना देखरेख नाही. मग हा नोकर कसला? हा तर स्वतंत्रपणे काम करणारा!

६/ ऑक्टोबर १९६१ मध्ये न्यायमूर्ती रघुबर दयाळ यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने हे मान्य केले. दिवसाअखेर खराब विड्या बाजूला काढणे म्हणजे कामावरील नियंत्रण नव्हे, असे ठरले. ज्याला हवे तेव्हा गैरहजर राहता येते, त्याच्या बाबतीत रजेच्या तरतुदीच जुळत नाहीत, असाही सूर होता. म्हणजे बिनपगारी गैरहजर राहण्याची मुभाच पगारी रजेच्या आड आली!

७/ तिघांपैकी एक न्यायमूर्ती मात्र असहमत होते : के. सुब्बा राव. विडी वळणे हे साधे, सरावाचे काम. तेथे हात धरून शिकवण्याची गरजच काय? नमुना मालकाचा, तंबाखू मालकाची, नोंदवह्या मालकाच्या, माल नापास करण्याचा अधिकारही मालकाचाच. नियंत्रणाचे रूप धंद्याप्रमाणे बदलते, हे त्यांनी अचूक हेरले.

८/ याच्या जेमतेम वर्षभर आधी, डिसेंबर १९६० मध्ये, नागपूरच्या विडी कामगारांचा रजेचाच वाद ‘बिरधीचंद शर्मा’ खटल्यात आला होता. तेथे नगांवरच मजुरी असूनही ते ‘कामगार’ ठरले; कारण त्यांना कारखान्यातच, ठरलेल्या तासांत काम करावे लागे. हात तेच, विडी तीच. हक्क मात्र कारखान्याच्या रीतीप्रमाणे बदलला.

९/ यातला धोका उघड आहे. काम घरी पाठवले, मध्ये ठेकेदार घातला, हजेरीची सक्ती काढली, की जबाबदारी संपते. मजुरीसाठी कामगार तितकाच अवलंबून राहतो. कागदावर मात्र तो ‘स्वतंत्र’ होतो.

१०/ ही पळवाट संसदेने बुजवली. विडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या अधिनियमाने, मालकाकडून वा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणाऱ्यांनाही व्याख्येत सामावून घेतले. पगारी रजेची तरतूदही केली. उत्पादकांनी आव्हान दिले. १९७४ मध्ये ‘मंगलोर गणेश बीडी वर्क्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

११/ न्यायालयाची दृष्टीही बदलत होती. १९७३ च्या ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस’ खटल्यात नगांवर शिवणाऱ्या शिंप्यांना नोकर मानताना, काम नापास करून पुन्हा करायला लावण्याचा अधिकार हेही नियंत्रणाचेच चिन्ह मानले गेले. सिन्नरच्या निकालात जे पुरेसे नव्हते, तेच बारा वर्षांनी वजनदार ठरले.

१२/ आज विडीच्या जागी मोबाइल आहे. ‘हवे तेव्हा लॉग इन करा’ म्हणून घरपोच सेवा देणाऱ्यांना ‘भागीदार’ म्हटले जाते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग कामगार’ हा शब्द आला. पण व्याख्या त्यांना पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरच ठेवते.

१३/ म्हणून सिन्नरचा खटला जुना झालेला नाही. कोणी किती मोकळा आहे, हे विचारताना दुसरा प्रश्नही विचारावा : दर कोण ठरवतो, माल नापास कोण करतो आणि काम बंद झाल्यास उपाशी कोण राहतो? (समाप्त)