सेंट निनियन बेटावर, थराथरानं खाली

दोन्ही बाजूंना समुद्र आहे आणि तुम्ही मधून वाळूवरून चालला आहात. सन 2000, जुलै महिना. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही पुष्कळ उत्तरेला, साठाव्या अक्षांशावर, शेटलंड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाला तिथले लोक 'मेनलँड' म्हणतात. त्या मेनलँडला चिकटलेलं, सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या वाळूच्या दांड्यानं बांधलेलं छोटं बेट म्हणजे सेंट निनियन. हिवाळ्यातल्या वादळात भरतीचं पाणी दोन्हीकडून दांड्यावर चढतं आणि तेवढ्या वेळापुरतं ते चहूबाजूंनी बेट होतं. आज वाट कोरडी आहे. मागं बिगटन गावातली घरं, समोर हिरवा चढ आणि त्यावर मेंढ्या.

चढ संपतो तिथंच, दांड्याच्या जवळ, कमरेएवढ्याही नसलेल्या दगडी भिंती दिसतात. हे मध्ययुगातलं चॅपल, म्हणजे छोटं चर्च. भिंतींच्या बाजूला चर खणलेला आहे. गुडघ्यांवर बसलेली माणसं छोट्या थापीनं वाळू खरवडताहेत. पुरातत्त्वज्ञ रेचेल बॅरोमन यांच्या नेतृत्वाखालचं हे उत्खनन. चराच्या कडेला उभे राहा आणि उभ्या कापलेल्या मातीकडे नीट पाहा. वर गवताची मुळं, खाली फिकट वाळू, मग करडी माती, पुन्हा वाळू, मग काळपट थर. इथं खाली उतरणं म्हणजेच मागच्या काळात जाणं. चला, उतरू या.

गवताखाली हातभरसुद्धा जात नाही तोच तुम्ही एकोणिसाव्या शतकात पोचता. वाळूवरून माणसांची रांग येते आहे. खांद्यावर शवपेटी आहे, वारा समोरून आहे, आणि कुणी घाई करत नाही. बेटावर आता कुणी राहत नाही. 1796 मध्ये शेवटचे रहिवासी बेट सोडून गेले. चॅपलही दिसत नाही. ते वाळूखाली इतकं गाडलं गेलंय, की पुढच्या शतकात त्याची जागा नव्यानं शोधावी लागणार आहे. छप्पर नाही, वेदी नाही, धर्मगुरूचं घर नाही. तरी मेलेल्या माणसाला इथंच आणलं जातं, कारण त्याचे आईबाप इथं आहेत आणि त्यांचेही आईबाप इथंच. साधारण 1840 च्या दशकापर्यंत हे चालू राहतं. या बेटाच्या गोष्टीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. इमारत गेली, राज्यं बदलली, धर्माची रीत बदलली, बोली बदलली, आणि लोकांनी आपलं माणूस ठेवायची जागा तेवढी सोडली नाही.

आणखी खाली जा. 1560. स्कॉटलंडच्या संसदेनं पोपची सत्ता नाकारली आहे, संतांची पूजा आणि मिस्सा हा कॅथलिक उपासनाविधी बंद झाला आहे. शेटलंड स्कॉटलंडकडे येऊन तेव्हा शंभर वर्षंही झालेली नाहीत. 1469 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं गहाण टाकली, ती पुढं सोडवलीच गेली नाहीत. हा थर लवकर ओलांडू, कारण इथं उपासना थांबते आणि वाळूचं काम सुरू होतं.

बारावं शतक. आता त्या बुटक्या भिंती तुमच्या डोक्यावर गेल्या आहेत. दारातून आत या. बाहेरच्या उजेडातून आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. लांबट सभागृह, त्याच्या पूर्वेच्या टोकाला वेदीची छोटी जागा, आणि तिची मागची भिंत अर्धवर्तुळात वळवलेली. चौकोनी कोपऱ्यांच्या या मुलखात दगड असा वळवायचा म्हणजे गवंड्याला बाहेरची पद्धत माहीत होती. त्याच शतकात, 1137 मध्ये, दक्षिणेला ऑर्कनी बेटांवर कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलचं काम सुरू झालं. शेटलंडवर तेव्हा ऑर्कनीच्या नॉर्स सरदारांची सत्ता होती. मिस्सा लॅटिनमध्ये चालली आहे, पण दाराशी उभी असलेली माणसं आपसात कुजबुजतात ती नॉर्स भाषेत. त्यांचे पूर्वज नॉर्वेहून आले तेव्हा थॉरचे भक्त होते. हे क्रूसाची खूण करतात. ज्या निनियनचं नाव बेटाला लागलं तो संत स्कॉटलंडच्या नैऋत्य टोकाला, व्हिटहॉर्नला होऊन गेला. तो स्वतः शेटलंडला आल्याचा काही पुरावा नाही. नाव मागाहून आलं. जागा त्याआधीच पवित्र होती.

किती आधी, ते पायाखालच्या फरशीखाली आहे.

इसवी सन 800 च्या आसपास. तुम्ही उभे आहात ते चॅपल अजून बांधलेलं नाही. त्या जागी त्याहून जुनं, लहान देऊळघर आहे, आणि आत कुणीतरी जमिनीत खड्डा करतंय. ही माणसं पिक्ट. उत्तर स्कॉटलंड आणि ही बेटं त्यांची. खड्ड्याशेजारी लार्चच्या लाकडाची पेटी आहे. लार्च स्कॉटलंडचं मूळचं झाड नव्हे, म्हणजे लाकूड व्यापारातून आलं असेल किंवा लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलं असेल. पेटीत काय आहे ते वाकून पाहा. आठ वाट्या; त्यातली एक टांगायची, बाकीच्या हातात धरून प्यायच्या. वस्त्र खांद्यावर अडकवायचे, एका बाजूला तोंड उघडं असलेले गोल आकडे, बारा. तलवारीच्या मुठीचं बोंड. म्यानाच्या टोकाला बसवायच्या दोन पट्ट्या. तीन शंकूच्या आकाराचे नक्षीदार तुकडे. एक चमचा आणि एक टोकदार हत्यार. एकूण अठ्ठावीस वस्तू, सगळ्या चांदीच्या, काहींवर सोन्याचा मुलामा, आणि एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरलेल्या प्राण्यांची बारीक नक्षी. म्यानाच्या एका पट्टीवर लॅटिनमध्ये देवाचं नाव कोरलंय. आणि या चांदीत, कशासाठी कोण जाणे, पॉरपॉइज नावाच्या छोट्या सागरी प्राण्याच्या जबड्याचा एक तुकडा.

पेटी खड्ड्यात जाते. वर पातळ वालुकाश्माची फरशी येते, तिच्यावर क्रूसाची पुसट रेघ आहे. पुढं ही पेटी सापडली तेव्हा वाट्या पालथ्या होत्या आणि आकडे एकमेकांत अडकलेले होते. पेटी उलटी पुरली गेली होती, म्हणजे हात घाईत होते. 793 मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर आणि 795 मध्ये आयोनाच्या मठावर व्हायकिंग नौका चालून आल्या होत्या. त्या भीतीनं हे पुरलं असावं असा बहुतेकांचा अंदाज आहे, आणि मलाही तो पटतो. खोदणारं माणूस परत आलं नाही एवढं तर नक्की. चांदी देवळाची होती की एखाद्या सरदाराची, यावर विद्वानांत वाद आहे. तलवारीचे भाग आणि प्यायच्या वाट्या पाहता मी सरदाराच्या बाजूनं आहे. देवळात ठेवलं तर देव राखील, एवढा विश्वास त्यामागं असेल.

इथून बहुतेक लेख सरळ वर येतात आणि चांदीविषयीच बोलत राहतात. तुम्ही मात्र देऊळघराच्या बाहेर या.

आठवं-नववं शतक, चॅपलचं अंगण. गवतात दगडी थडगी आहेत. पातळ फरश्या उभ्या रोवून शरीराएवढी लांबट पेटी करायची, आत माणूस निजवायचा, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठेल तेव्हा उगवतीकडे तोंड असेल, ही ख्रिस्ती रीत. एका बाजूला कुण्या पूज्य व्यक्तीच्या अस्थींसाठी केलेलं दगडी समाधीपात्र आहे. चार कोपऱ्यांना चार खांब, खांबांना उभ्या खाचा, खाचांत सरकवलेल्या फरश्या. सुतार लाकडाची पेटी जशी सांधतो तसाच हा दगड सांधलेला आहे. अशी समाधीपात्रं शेटलंडमध्ये जवळच्या बुरा बेटावर पापिलच्या चर्चमध्येही होती.

आणि मग लहान थडगी. इतकी लहान, की आत काय आहे हे विचारायला लागत नाही. तान्ही मुलं. डोक्याशी छोटा उभा दगड, त्यावर क्रूस कोरलेला. वरून पांढरे गारगोटीचे खडे पसरलेले. असे पांढरे खडे ब्रिटन-आयर्लंडच्या जुन्या ख्रिस्ती थडग्यांत ठिकठिकाणी सापडतात. मृतांना ते देण्याची चालच होती. ते कुणीतरी वाकून, वेचून, ओंजळीत घेऊन इथवर आणले आहेत. खाली वाकून त्या दगडांची कड पाहा. कोरणी साधी आहे, कारागिराची वाटत नाही. त्या काळी जन्मलेल्या किती मुलांना पहिलं वर्ष दिसत असेल याची कल्पना करायला आकड्यांची गरज नाही. मूल वाचणार नाही हे ठाऊक असलेल्या जगातही त्याच्यासाठी दगड कोरला गेला, यापुढं ती चांदी मला फिकी वाटते.

शेटलंडच्या बहुतेक जमिनीत हे सगळं नाहीसं झालं असतं. तिथली दलदलीची आम्लधर्मी माती हाडं खाऊन टाकते. इथं वाऱ्यानं आणलेल्या वाळूनं सांगाडे राखले आणि थडग्यांच्या ओळी जागच्या जागी ठेवल्या. जिनं चॅपल गिळलं तिनंच माणसं जपली. आता त्या ओळींमध्ये हिंडताना एक गोष्ट लक्षात येते: नॉर्स लोक आले, तरी इथलं दफन चालूच राहिलं. नव्यानं आलेल्यांनी जुन्या स्मशानावर नांगर फिरवला नाही. काही पिढ्यांनंतर त्यांनीही आपली माणसं इथंच आणली.

अजून एक थर शिल्लक आहे. थडग्यांच्याही खाली, काळपट मातीत, लोहयुगातल्या वस्तीच्या खुणा: खापरं, राख, घरातून बाहेर फेकलेला कचरा. इथं आधी लोक राहत होते. मग कधीतरी राहती जागा मृतांना दिली गेली आणि त्या मृतांशेजारी देऊळघर उभं राहिलं. आपण चर्च आधी आणि दफनभूमी नंतर असं धरून चालतो. इथली माती तो क्रम उलटा असल्याचं सुचवते.

आता वर चला, एका दिवसासाठी थांबत. 4 जुलै 1958. ॲबरडीन विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक अँड्र्यू ओडेल 1955 पासून उन्हाळ्यात इथं हरवलेलं चॅपल शोधताहेत. मदतीला विद्यार्थी आणि शाळकरी मुलं आहेत. त्यातला लर्विक गावचा डग्लस कूट्स हा शाळकरी मुलगा एक फरशी उचलतो, आणि साडेअकराशे वर्षांनी त्या वाट्यांना उजेड दिसतो. त्याच्या हाताजवळ उभे राहून तुम्ही पाहिलंत तर चांदी चकाकत नाही. हिरवट-काळ्या मातकट तुकड्यांचा ढीग दिसतो. चकाकी पुढं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत परत आली.

त्यानंतर ही वाळू कोर्टात पोचली. विद्यापीठ आणि जमीनमालक म्हणाले, शेटलंडमध्ये अजून जुना नॉर्स जमीनकायदा लागू आहे, तेव्हा सापडलेल्या धनावर राजसत्तेचा हक्क नाही. 1963 मध्ये स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला तो राजसत्तेच्या बाजूनं. अठ्ठावीस वस्तू आणि तो जबड्याचा तुकडा एडिनबर्गला गेले. शेटलंडच्या लोकांना याची खंत आजही आहे, आणि ती रास्त आहे.

पण त्याहून मोठं नुकसान वेगळं होतं. ओडेल यांच्या खोदकामाच्या नोंदी तोकड्या होत्या, आणि सविस्तर अहवाल लिहून होण्याआधी, 1966 मध्ये, ते वारले. कुठला दगड कुठल्या थरात, कुठलं थडगं कुणाच्या वर, हे कागदावर पुरतं उतरलंच नव्हतं. चांदीवर मात्र 1973 मध्ये दोन खंडांचा भारदस्त ग्रंथ निघाला. म्हणून तर तुम्ही ज्या चराच्या कडेला उभे राहिलात तो 1999 आणि 2000 मध्ये पुन्हा खणावा लागला. बॅरोमन यांच्या चमूनं जुन्या नोंदी, छायाचित्रं आणि उरलेली माती यांची सांगड घातली, सांगाड्यांचं वय रेडिओकार्बननं काढलं. मुलांची थडगी, लोहयुग ते एकोणिसावं शतक ही अखंड साखळी, नॉर्स काळातही न तुटलेलं दफन, हे सगळं त्या कामातून हाती आलं. त्याचा ग्रंथ 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते या बेटाचा खरा शोध तोच.

तुम्ही प्रत्यक्ष गेलात तर लर्विकच्या शेटलंड म्युझियममध्ये त्या चांदीच्या हुबेहूब प्रतिकृती पाहायला मिळतील. मूळ वस्तू एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. 1876 मध्ये याच बेटावर सापडलेला ओघम लिपीचा दगडही तिथंच आहे, मधल्या रेषेवर आखूड रेघा मारून लिहिलेला. मग बिगटनला जा, भरती-ओहोटीची आणि वाऱ्याची चौकशी करा, आणि वाळू ओलांडा. चॅपलच्या भिंतींवर चढू नका, त्या सुट्या आहेत. आणि भिंतींभोवतीच्या गवतात बसून डबा उघडण्याआधी जरा लांब जा. तिथं माणसं पुरलेली आहेत.